तिसऱ्या बेसकडची बाजू

१ जून १९८६, रविवार

आज नऊ वर्षांनी बेसबॉलच्या मैदानावर गेले. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलंय आणि नदीकाठचं मैदान घरापासून सव्वा मैल पडतं, म्हणून. दुसरं काही कारण नाही. शाळेचं स्वयंपाकघर ऑगस्टपर्यंत बंद. तीनशे मुलांचे बटाटे सोलायचे नसले की दिवस फार लांब होतो.

बाबांची जागा रिकामी होती. पहिल्या बेसच्या मागे, सातवी रांग, खांबाशेजारी. शेजारच्या खुर्चीत पेट्राक अजून तसेच बसलेले. वय सत्तरच्या पुढे, खाटकाचं दुकान मुलाला दिलं, बाकी सगळं तेच. मला बघून म्हणाले, "उशीर केलात, हॅल्वर्सनबाई." जणू मी तिसऱ्या इनिंगला आले होते.

आमचा संघ, हेरन्स, हरला, आठ-एक. कर्टिस बेल्यू नावाचा एक उंच, काटकुळा पोरगा बॉल टाकणारा पिचर आहे, लुईझियानाचा, एकोणीस वर्षांचा, डावखुरा. त्याला चौथ्या इनिंगलाच बाहेर काढला. जाताना तो कोणाकडेच बघत नव्हता.

तिसऱ्या बेसकडच्या बाजूला चार वाजेपर्यंत ऊन असतं, तिकडे फारसं कोणी बसत नाही. पाहिलं. नव्हतं कोणी.

१५ जून, रविवार

फादर्स डे. सकाळी बाबांच्या कबरीवर जाऊन आले, मग मैदानावर. जुन्या कपाटात बाबांच्या कोऱ्या स्कोअरकार्डांचा गठ्ठा सापडला, त्यातलं एक नेलं. हात विसरला नव्हता. कोण कसा बाद झाला, बॉल कोणाकडून कोणाकडे गेला, सगळं चौकोनांत बसवायचं. हे आम्हा दोघांनाही बाबांनीच शिकवलं, आधी मला, मग माझ्या भावाला, डेल्बर्टला. डेल्बर्टचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं, हे बाबा बोलून दाखवायचे.

बाबांनी रेल्वे यार्डातली नोकरी सांभाळून चाळीस वर्षं सामने पाहिले. परफेक्ट गेम एकदाही पाहिला नाही. सत्तावीस जण बॅट घेऊन आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस पहिल्या बेसलासुद्धा न पोचता परत गेले, असा सामना. "एवढंच राहिलंय बघ," म्हणायचे. आईला राग यायचा. तिला वाटायचं हे तिच्यावरच बोलणं आहे.

लिहायला बसले की डेल्बर्टचं नाव येतंच. बाबा गेले तेव्हा तो तिथे नव्हता. तो याच मैदानावर होता. जे झालं ते झालं, मी काही खोटं बोलले नव्हते.

२९ जून, रविवार

डेल्बर्ट आला होता.

तिसऱ्या बेसच्या बाजूला, अगदी वरच्या रांगेत, एकटा. टोपीवरून नाही ओळखलं. तो शेंगा फोडताना टरफलं शर्टाच्या खिशात ठेवतो, खाली टाकत नाही, त्यावरून ओळखलं. इतक्या लांबून ते दिसलं की दिसल्यासारखं वाटलं, सांगता येत नाही. वाळलाय. डनमोरला असतो, चाळीस मैलांवर, धान्याच्या कोठारावर कामाला, एवढं मावशीच्या ख्रिसमसच्या पत्रांतून कळतं.

नऊपैकी आठवी इनिंग संपली आणि उठून गेला. सामना बरोबरीत होता. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस बरोबरीतला सामना टाकून उठतो, याला काय म्हणायचं? गर्दीच्या आधी गाडी काढायची असेल. माणसं अशी बदलतात.

माझ्या कार्डावर सहाव्या इनिंगचे दोन चौकोन कोरे राहिले. पेट्राकना विचारून भरले.

१३ जुलै, रविवार

पेट्राकना सहज विचारलं, तो वरच्या रांगेतला माणूस नेहमी येतो का. म्हणाले, "कोण, तुमचा भाऊ? जवळजवळ दर रविवारी. चार-पाच वर्षं झाली असतील. पाऊस असला तरी."

"मला वाटलं कोणी नवीन आहे."

"नाही हो. त्याची नजर सामन्याआधी पाच मिनिटं इकडेच असते. आता जरा जास्त वेळ असते."

मी विषय बदलला. सकाळी चेरीचं गोड सारण भरलेला पाय ओव्हनमध्ये केला होता, त्याचे दोन मोठे तुकडे कागदात बांधून नेले होते. एक पेट्राकनी खाल्ला, दुसरा घेऊ का म्हणाले तर मी नको म्हटलं. मग तो तसाच घरी परत आणला आणि मीच खाल्ला. ते दर खेपेला माझ्यासाठी त्यांच्या बहिणीने केलेले कोलाचे नावाचे गोड पाव आणतात, जर्दाळूचे, कारण मी एकदा जर्दाळूचे बरे लागतात म्हटलं होतं. फार भला माणूस आहे. सगळ्यांशीच असा वागत असणार.

२२ जुलै, मंगळवार

हे मी कुठे लिहिलेलं नाही, आणि कोणाला सांगितलेलं नाही.

बाबा गेले त्या शनिवारी दुपारी त्यांच्या खोलीत पाण्याचा जग घेऊन जात होते. दार अर्धं उघडं होतं. बाबा डेल्बर्टला म्हणत होते, "तू इथे बसून काय करणार आहेस? जा. आणि मला सगळं लिहून आण. शेवटच्या बादपर्यंत. अर्धवट कार्ड मला चालत नाही." डेल्बर्ट म्हणाला, "मी थांबतो." बाबा म्हणाले, "मी कुठे जातोय?"

मी बाहेरच थांबले, तो निघाला तशी भिंतीआड सरकले. तो निघून गेल्यावर आत गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं किती वाजले. दर पंधरा मिनिटांनी विचारत होते. मला कळत होतं, त्यांना सामना संपायची वाट होती. सात महिने मी त्यांची अंथरुणं बदलत होते, आणि वाट कोणाची, तर त्याची. पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा गेले. डेल्बर्ट सव्वापाचला आला, हातात कार्ड.

दफनानंतर चर्चच्या तळघरात, कॉफीचे कप हातात घेऊन सगळे उभे असताना, मी म्हटलं, "याला बाप मरताना बेसबॉल बघायचा होता." मोठ्याने म्हटलं. मावशी होती, पाद्री होते, डेल्बर्टची बायको होती, यार्डातली माणसं होती.  डेल्बर्टने कप खाली ठेवला, बशीसकट, आणि गेला.

खोटं नव्हतं ते. पण मी ऐकलं होतं.

३ ऑगस्ट, रविवार

आज ठरवून गेले होते. पाचव्या इनिंगनंतर उठले, स्टँडखालच्या बोळातून डेल्बर्टच्या बाजूला निघाले. हॉट डॉगच्या गाड्यापर्यंत पोचले. तिथे रांगेत उभी राहिले, कारण तिथे रांग होती. नंबर आला तेव्हा गाड्यावरचा माणूस म्हणाला, "बोला." मी एक घेतला, जास्त मोहरी घालून, आणि परत आले.

पेट्राक म्हणाले, "तुम्हाला मोहरी चालत नाही ना?"

म्हटलं, "कधीकधी चालते."

डेल्बर्ट आठव्या इनिंगनंतर गेला.

१८ ऑगस्ट, सोमवार

काल लिहिता आलं नाही.  आज पहाटे उठून बसले आहे, क्रमानेच लिहिते, नाहीतर मागाहून माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

काल लिंडन सिटीविरुद्ध सामना. पिचर तोच, कर्टिस बेल्यू. त्याचं नाव पुकारलं तेव्हा आमच्या मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "चला, लवकर घरी." पहिल्या तीन इनिंग्ज कोणाचंच लक्ष नव्हतं. नऊ आले, नऊ गेले. दुसऱ्या इनिंगमध्ये आमच्या दोन धावा झाल्या, त्यावरच लोक खूश होते.

पाचव्या इनिंगच्या शेवटी मी कार्डाकडे पाहिलं. पंधरा चौकोन आणि एकातही बेसची रेघ नाही. मी पेन्सिल थांबवली. पेट्राकनी पाहिलं, मी पाहिलं, आणि दोघांनीही तोंड फिरवलं. बोलायचं नसतं. एकदा सुरू झालं की त्याचं नाव घ्यायचं नाही, जागा बदलायची नाही, पाय ज्या घडीत असेल त्या घडीत ठेवायचा, नाहीतर मोडतं. सगळ्या मैदानाला हळूहळू कळत गेलं ते लोक गप्प होत गेले म्हणून. सहाव्यात शेंगा विकणारा ओरडायचा थांबला. सातव्यात मागच्या रांगेतल्या त्या माणसाची बायको म्हणाली, "हे एवढे सगळे शांत का आहेत?" आणि तो म्हणाला, "तू कॉफी पी."

बेल्यू बाकावर एकटा बसत होता. त्याच्या शेजारी कोणी जात नव्हतं. सबंध उन्हाळा त्या पोराशी कोणी धड बोललं नाही, आणि काल प्रेमापोटी बोलत नव्हते.

मी प्रत्येक बादनंतर तिसऱ्या बेसच्या बाजूला बघत होते. डेल्बर्ट पुढे वाकून बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, अगदी बाबांसारखा. मनात येत होतं, बाबांना हे दाखवायला हवं होतं. मग येत होतं, त्यालाही आत्ता हेच वाटत असणार, आणि हे ज्याला कळेल असं जगात दुसरं कोणी उरलेलं नाही. त्याच्या आणि माझ्यामध्ये फक्त मैदान होतं. ओलांडायला तीन मिनिटं लागतात.

आठवी संपली. चोवीस आले, चोवीस गेले. आमची बॅटिंग मी पाहिलीच नाही. ती संपता संपता डेल्बर्ट उठला. टोपी घातली, शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि पायऱ्या उतरायला लागला.

मला आधी खरंच वाटेना. असा सामना टाकून? मग त्याचा चेहरा आठवला. म्हणजे दिसला नव्हता, इतक्या लांबून दिसत नाही, पण चाल दिसली. चर्चच्या तळघरातून बाहेर पडताना होती तशीच.

मी उठले. पेट्राकनी माझी बाही धरली. "बाई, बसा. काय करताय? जागा सोडायची नाही."

"मला जायचंय."

"तीन राहिलेत फक्त." ते जवळजवळ रडकुंडीला आले होते. "फक्त तीन. मग कुठेही जा. मी सोडायला येतो."

मी कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि गेले. मागून कोणीतरी शिवी हासडली, म्हातारीला, म्हणजे मला.

बोळात चिटपाखरू नव्हतं. हॉट डॉगवालासुद्धा गाडा सोडून उजेडाच्या तोंडाशी जाऊन उभा होता. गुडघा इतका दुखत होता की एका हाताने भिंत धरून चालले. वाटत होतं, बाहेर पडेन तेव्हा त्याच्या गाडीची धूळच दिसेल, आणि वर मी याच्यासाठी हेही सोडलेलं असेल.

तो फाटकाशी होता. तिसऱ्या बेसच्या मागे जाळीचं छोटं फाटक आहे, मैदान सांभाळणाऱ्यांचं. एक हात कडीवर, आणि तोंड मैदानाकडे. गेलाही नव्हता आणि थांबलाही नव्हता.

मला धाप लागली होती. म्हटलं, "निघालास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जवळून पाहिल्यावर केस सगळे पांढरे. म्हणाला, "हो." मग म्हणाला, "तू जागा सोडून आलीस?"

"हो."

"लोक मारतील तुला."

"एकाने शिवी दिली."

त्याने कडीवरचा हात काढला. बस, एवढंच बोलणं झालं, कारण बेल्यूने पहिला बॉल टाकला. आम्ही जाळीला नाक लावून उभे राहिलो, लहानपणी तिकिटाशिवाय बघायचो तसे.

पंचविसाव्याने बॉल उंच मारला, आमच्या बाजूला. तिसऱ्या बेसवाला मान वर करून धावत सरळ आमच्याकडे आला, जाळीला खांदा आपटला आणि आमच्यापासून हातभर अंतरावर त्याने तो झेलला. त्याचा श्वास ऐकू आला. झेलल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं, डोळे विस्फारलेले, आणि परत गेला. सव्विसाव्याने सात बॉल घेतले, बाहेर टोलवत राहिला, शेवटी बॅट फिरवली ती हवेत. सत्ताविसावा राखीव बॅटर होता, जाडा, शांत. दुसऱ्याच बॉलवर त्याने जमिनीलगत सणसणीत मारला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपच्या उजव्या अंगाला, जवळजवळ आरपार. शॉर्टस्टॉपने तो आडवं पडून अडवला, उठता उठताच फेकला. पहिल्या बेसवाला इतका ताणला गेला की वाटलं फाटेल. जाडा बेसला अर्ध्या पावलाने कमी पडला.

पंचाने हात वर केला तरी क्षणभर कोणी ओरडलं नाही. मग जे झालं ते लिहिता येत नाही. बेल्यू तिथेच जागच्या जागी उभा होता, त्याला काय करायचं ते माहीतच नव्हतं, शेवटी कॅचरने त्याला उचललं.

डेल्बर्टने माझं मनगट धरलं होतं. कधी धरलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. त्याने हात सोडला आणि टोपी काढली.

तेव्हा मी म्हटलं. सगळीकडे आरडाओरडा चालला होता म्हणून मोठ्याने म्हणावं लागलं. "डेल, मी ऐकलं होतं. बाबांनी तुला जा म्हटलं, शेवटच्या बादपर्यंत लिहून आण म्हटलं, ते मी दारातून ऐकलं होतं."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू दारात होतीस ते. तुझ्या हातात जग होता. मला आरशात दिसत होतीस."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर?"

तो मैदानाकडे वळला. "तू बोलशील म्हणून थांबलो होतो," म्हणाला.

मी म्हटलं, "आठव्या इनिंगनंतर का जातोस?"

"त्या दिवशी आठवीनंतर निघालो असतो तर पोचलो असतो," म्हणाला. "हिशेब केलाय मी. ते जायच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो असतो. अर्धवट कार्ड चाललं असतं त्यांना. ते नुसतं म्हणायचे." मग म्हणाला, "तू काही खोटं बोलली नाहीस, इमो. मी नव्हतोच तिथे."

नऊ वर्षं मी समजत होते की तो माझ्यावर रागावून गेलाय. तो माझं बोलणं खरं धरून बसला होता.

माणसं पायऱ्या उतरायला लागली, एकमेकांना मिठ्या मारत, अनोळखी लोकही. एका बाईने मलाही मिठी मारली. तिच्यातून सुटेपर्यंत डेल्बर्ट फाटकाबाहेर गेला होता. त्याने वळून हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. मी तसाच केला.

पेट्राक माझ्या जागेशेजारी एकटेच बसून होते, सगळा स्टँड रिकामा झाला होता. शेवटचे तीन चौकोन त्यांनी भरले होते, त्यांच्या वाकड्या अक्षरात. म्हणाले, "तुम्ही उठलात, आणि तरी झालं. सत्तर वर्षं मी पाय आखडून बसलो. आता कशावर विश्वास ठेवू सांगा."

घरापर्यंत सोडायला आले. वाटेत काही विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गावात दुसरा विषय नाही. पोस्टात, बेकरीत, सगळे एकमेकांना विचारतात, तुम्ही होतात का? मैदानात फार तर आठशे माणसं असतील. आतापर्यंत होतो म्हणणारे मलाच शंभर भेटले. मला विचारलं की नुसतं होते म्हणते.

डनमोरच्या फोनच्या यादीत त्याचं नाव पाहिलं. आहे. फोन केला नाही. नऊ वर्षं तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता, आणि मी बोलले ते एकच वाक्य. पुढचं काय म्हणायचं ते मला येत नाही. पुढचं तो म्हणेल असं वाटतं. आमच्या घराण्यात हे असंच आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

या मोसमातला इथला शेवटचा सामना. आता एप्रिलपर्यंत फाटक बंद.

पहिल्या इनिंगपासून डेल्बर्ट तिसऱ्या बेसच्या बाजूलाच बसला होता. मी इथून बघत होते, तो तिथून. चौथी झाली. पाचवी झाली. पेट्राक म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो," आणि गेले, ते परत आलेच नाहीत. नंतर पाहिलं तर खाली दुसऱ्या रांगेत बसलेले, पाठ इकडे करून.

सहावी सुरू होताना डेल्बर्ट दोन कॉफ्या घेऊन आला. एक खुर्ची सोडून बसला. कॉफी रिकाम्या खुर्चीवर ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, "इथून खांब मध्ये येतो. विसरलोच होतो."

"मान डावीकडे ठेवली की दिसतं."

"बाबांची मान म्हणूनच दुखायची."

"ते यार्डातल्या कामामुळे म्हणायचे."

"आईला सांगायला," तो म्हणाला.

बेल्यूच्या बॉलना आज मार पडला, सहाव्यातच बाहेर. तरी सगळं मैदान उभं राहिलं. डेल्बर्टही उभा राहिला. मी कार्ड भरत होते, तो वाकून बघत होता. सातव्यात त्याने एक चूक दाखवली. चूक नव्हती, पण मी खोडून त्याच्या म्हणण्याप्रमाणे केली. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली असं बोलता बोलता म्हणाला. मला कोणी कळवलं नव्हतं. मावशीही नाही. मी म्हटलं, "चांगली होती." त्याने मान हलवली. 

आठवी संपली. तो गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ बसला, मग उठला. "निघतो मी," म्हणाला.

थांब म्हणावंसं फार वाटलं. तोंडाशी आलं होतं. पण मी त्याचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "जा. गर्दी व्हायच्या आत."

नववी इनिंग मी एकटीने पाहिली. शेवटच्या बादपर्यंत लिहिलं. नऊ-दोन हरलो. पेट्राकनी लांबून टोपी उचलली, मीही हात केला; एप्रिलमध्ये म्हणाले. मी म्हटलं, एप्रिलपर्यंत कशाला, गुरुवारी जेवायला या. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

बाहेर आले तेव्हा गाड्या निघून जात होत्या. डेल्बर्टची निळी गाडी झाडाखाली होती आणि तो तिला टेकून उभा होता. मी जवळ गेले. म्हणाला, "नवव्यात काय झालं?"

मी सांगितलं. सांगण्यासारखं काही नव्हतं: त्यांचे तीन साधे बाद, मग आमच्यात एक झेल, एकाला चार बॉलवर फुकट बेस, दोन साधे बाद. तरी कोण कुठे उभा होता, बॉल कुठून कुठे गेला, सगळं नीट सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता.

सांगून झालं तरी त्याने गाडीचं दार उघडलं नाही. मग मी त्याला आठवी इनिंगही सांगितली, जी त्याने माझ्या शेजारी बसून पाहिली होती, आणि त्याने तीही सगळी ऐकून घेतली.